प्रत्यक्ष ताबा

अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी लिहीत आले:
लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस
कारणे करारनामा लिहून दिला ऐसा जे.
या वेळी लिहून घेणार मी होते
आणि बोटं उगाच गार पडली होती.

नव्या फर्मचं पत्र आलं तेव्हा
आम्ही कापूरबावडीच्या अलीकडे उभे होतो,
कोळंबकरांच्या गाडीत, मेट्रोच्या खांबाशी.
कोळंबकर रोज खांब मोजतात,
बाकी बोलत नाहीत.
कासारवडवली ते फोर्ट दोन तास दहा मिनिटं.
परतीचे मोजायचे नाहीत
असा आमचा अलिखित करार.

पत्रात पगार होता, पद होतं,
आणि कलम नऊ:
"कर्मचाऱ्यास आठवड्यातून दोन दिवस
घरून काम करता येऊ शकेल."

शकेल.
मी गाडीतच पेन काढलं.
या एका शब्दावर मी
भिवंडीतली तीन गोदामं सोडवून आणलीत,
गिरगावातल्या एका बाईंची पागडी वाचवलीय.
'शकेल'मध्ये माणसाला राहता येत नाही,
नुसतं ताटकळता येतं.

कळवलं: "करता येईल" असे वाचावे. आणि तीन दिवस.
तिकडून रिद्धी पारसनीस, आवाजात साखर:
मॅडम, आपल्याकडे सगळं विश्वासावर चालतं.
म्हटलं, मग विश्वास नोंदवून ठेवायला
हरकत काय?

चार दिवस सामसूम.
मग: मंगळवार, गुरुवार. 'येईल' मान्य.
परंतु कामाच्या निकडीस अधीन राहून.

परंतुकाचं पोट केवढं असतं
ते मला नाही तर कुणाला ठाऊक.
अख्खं कलम गिळून ते ढेकर देत नाही.
सही केली.

दस्तूर साहेबांना सांगायला गेले
तेव्हा ते फाइलीला लाल फीत बांधत होते.
गाठ पूर्ण झाल्यावर म्हणाले,
"फार लांब राहतेस तू."
अकरा वर्षांत पहिल्यांदा.
आणि नोटिशीचे तीन महिने
एकही दिवस न सोडता भरून घेतले.

पहिला मंगळवार.
साडेदहाला घर मला ओळखेना.
रंजनाबाईंनी फरशी पुसता पुसता विचारलं,
बरं नाही का ताई?
बी विंगमध्ये दुपारच्या शाळेचा कुणी मुलगा
सतराच्या पाढ्यात
सतरा साता पाशी पुन्हा पुन्हा अडत होता.
तोंडावर आलं होतं माझ्या, एकशे एकोणीस.

या घराचं टायटल मीच तपासलं होतं.
तीस वर्षांचा शोध, सातबारा, फेरफार,
बिनशेतीचा आदेश,
मूळ मालक सात भाऊ आणि एक बहीण,
बहिणीचं हक्कसोडपत्र
(तिचा अंगठा जरा तिरका उमटलाय).
सर्व निर्वेध, असा दाखला माझ्याच सहीचा.
पण खाडीकडून आलेलं ऊन
अकराच्या सुमारास ओट्यावरून उतरतं,
फ्रिजच्या कुशीला टेकतं
आणि पाऊण तास तिथंच बसून राहतं,
हे कुठल्याच दप्तरात नव्हतं.

नऊ वर्षं हप्ते भरले.
ताबापत्र कपाटात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.
खुर्ची ओढून उन्हात घेतली.
स्क्रीनवर काही म्हणता काही दिसेना.
हलले नाही.

सव्वाअकराला कोळंबकरांचा मेसेज,
नुसता आकडा: ८६.
अजून तिथंच आहेत बिचारे.

अकरा चाळीसला नव्या साहेबांचा:
क्लायंट अडीचला येतोय,
तुम्ही प्रत्यक्ष असलात तर बरं पडेल. निकड आहे.

पडद्यावर हाताची सावली धरून
उत्तर टाइप केलं, दोनदा वाचलं,
एक शब्द बदलला, मग पाठवलं:

अडीचपर्यंत पोचता येऊ शकेल.